पदर कोणत्या खांद्यावर

आप्पा,

मी लिहून राहिले, तुमची थोरली. दुसरीच्या पुढं तुम्ही शाळेत घातलं नाही, म्हणून अक्षर असं आहे, हसू नका. नातीच्या जुन्या वहीत लिहिते, मागच्या पानावर तिची गणितं आहेत. आज मी लई खूश आहे आणि छाती अजून धडधडते आहे, दोन्ही एकदमच. सकाळी नांदेडच्या सराफ्यात जे झालं ते तुम्हालाच सांगायचंय. दुसऱ्या कुणाला त्यातलं निम्मंसुद्धा कळणार नाही.

नातीचं लग्न ठरलंय, लातूरच्या मुलाशी. मुलगा चांगला आहे, चहात साखर घेत नाही एवढंच. तर हिला शिनेमातल्या बाईची नथ पाहिजे. तीच, हुबेहूब. पोरींना नुसता दागिना आवडत नाही, तो घालून हसली-रडली ती बाई आवडते. आमच्या वेळी तरी काय वेगळं होतं? पडद्यावर एखादी रडली की तिच्या कानातल्या झुब्यांसाठी देगलूरच्या बाया महिनाभर तुमच्या दुकानात. एकीला तर दरोडेखोराच्या बायकोचा कमरपट्टा पाहिजे होता, नवरा बिचारा मास्तर. तुम्ही शेगडी फुंकता फुंकता म्हणायचे, "रडती ती, आन् राबायचं म्या."

आणि मग ती नथ. तुम्हाला आठवतेच. पाटलीणबाई ओट्यावर बसल्यात, पदराने वारा घेतात. "सोनारदादा, पोरीला नथ करायची. जत्रंतल्या तंबूत शिनेमा लागलाय ना, त्यातली राणी घालती तशी." तुम्ही विचारलं, तुम्ही पाहिली का? "म्या कुठली जाते! नणंद सांगती. पन तशीच पायजे बरं का." पाटलीणबाईंच्या पोरीचं नाक टोचलेलं नव्हतं, लहानपणी सुई बघूनच तिला भोवळ आली होती. "कोनत्या अंगाला टोचू?" तुम्ही विचारलं. आपल्या गावात तेलुगू घरातल्या बाया उजव्या नाकात घालायच्या, आपल्यातल्या डाव्या, आणि एका गल्लीत राहून राहून कुणी कुणाचंही उचलायचं. पाटलीणबाई म्हणाल्या, "राणीच्या हाय त्याच अंगाला."

विस्तवापुढं बसून तुमचे डोळे दुखरे झालेले, पडद्याचा लखलखाट सोसायचा नाही. म्हणून मला धाडलं. मी अकरा वर्षांची, पण एकदा बघितलेला दागिना कोळशाने जमिनीवर काढायची. निघताना तुम्ही बोट नाचवून सांगितलं, "समोरून बायकांत बसायचं. पडद्यामागं जायाचं न्हाई." पडदा तंबूच्या मधोमध बांधलेला, समोर बायका-पुरुषांच्या जागा वेगळ्या, आणि मागं सगळे मातीवर एकत्र. मी मागंच गेले, आप्पा. माझ्या मैत्रिणी तिथं होत्या, आणि तिथून पडदा इतका जवळ की हात लावावा. राणीची नथ परातीएवढी दिसली. मोती मोजले मी, सात, आणि खाली लाल खडा. सुरुवातीला अक्षरं आली ती एकही वाचता येईना. मला वाटलं, कानडीत असतील.

घरी येऊन नथ काढून दाखवली. "उजव्या नाकात," मी म्हणाले. तुमची फुंकणी थांबली. "उजव्या? नीट आठव. पदर कोनत्या खांद्यावर व्हता?"

"डाव्या."

"नक्की?"

"हाव."

तुम्ही मान हलवली आणि परत शेगडीकडं वळलात. आठ दिवसांत नथ झाली, पाटलाच्या घरी जाऊन तुम्ही स्वतःच्या हातानं पोरीचं उजवं नाक टोचून आलात.

हळदीच्या दिवशी मी तुमच्याबरोबर मांडवात होते. पोरीची होणारी सासू आली, तीही लातूरकडचीच, तिनं पोरीची हनुवटी वर केली आणि तशीच धरून ठेवली. वाजंत्री चालू होती, ती थांबवली. "हे काय? उजव्या नाकात? आमच्यात असं चालत न्हाई." पाटलीणबाई म्हणाल्या, शिनेमातली तशीच आहे. तर सासूची बहीण पुढं आली, "म्या दोनदा पाह्यलाय तो शिनेमा, समोर बसून. डाव्या नाकात हाय." मग सगळ्यांनी तुमच्याकडं पाहिलं. पाटील म्हणाले, "सोनाराला डावं-उजवं कळंना व्हय?" मुलाकडची माणसं उठायच्या बेतात. तुम्ही हात जोडले. "चुकी माझी. माझ्या हातानं झाली."

तिथंच पाटावर बसून तुम्ही नथीची तार उलटी वळवली. उजवीची नथ डावीकडं घातली तर तिची पाठ लोकांना दिसते, म्हणून मोतीसुद्धा सगळे फिरवून ओवले. पोरीचं डावं नाक टोचलं, ती ओरडली, आणि तुम्ही मान वर न करता हत्यारं गोळा केलीत. लग्न झालं. पण नंतर बाजारात "उजवे सोनार आले" म्हणायचे लोक, आणि नाक टोचायला तुम्हाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. घरी येताना तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलं फक्त. रागावला असता तर बरं झालं असतं.

तर आजचं. सराफाच्या दुकानात गारेगार हवा, खुर्च्या मऊ, गुडघे माझे आखडले. नातीनं मोबाईलवर शिनेमातला तुकडा दाखवला. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, ही तर उजव्या साइडला आहे." ती म्हणाली, "मग उजवीकडंच टोचा. सेम पाहिजे." त्यानं शाईनं ठिपका दिला, टोचायचं मशीन उचललं. नातीनं माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले. मला तुमची फुंकणी थांबलेली ऐकू आली, खरंच सांगते. मशीन नाकाला टेकलं आणि मी ओरडले, "थांब रे! पदर कोणत्या खांद्यावर आहे?"

सगळं दुकान बघायला लागलं. "पदराचं काय मधीच, आजी?" नात चिडली. मी म्हणाले, बघ तर. पोरानं मोबाईल जवळ धरला. पदर उजव्या खांद्यावर. पोरगं गडबडलं, मग त्यानं अख्खा शिनेमा शोधून तोच प्रसंग काढला. त्यात पदर डावीकडं, नथही डावीकडं. कुणीतरी तो तुकडा आरशासारखा उलटवून टाकला होता. लोक असं करतात म्हणे, कशासाठी देवाला माहीत. उजवा ठिपका पुसला, डावं नाक टोचलं. नात ओरडलीसुद्धा नाही. छान दिसते हो, आप्पा. डोळे भरले होते तिचे, पण हसत होती.

रिक्षात म्हणाली, "आजी, तुला कसं कळलं गं?"

"माझे वडील विचारायचे."

"लई हुशार होते की मग!"

"हाव," म्हणाले मी, आणि बाहेर बघत बसले.

हा कागद नथीच्या डबीत ठेवावा म्हटलं, पण डबी ती रोज उघडून बघते. माझ्या औषधांच्या डब्यात राहील, तिथं कुणी हात घालत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोर होते, पदराकडं माझं लक्षच नव्हतं. तसं नाही, आप्पा. तुम्ही विचारलं तेव्हा तो मला दिसत होता, पण खरं सांगितलं असतं तर पडद्यामागं बसल्याचं तुम्हाला कळलं असतं. उजव्या खांद्यावर होता.