एकतीस मिनिटं

प्रिय ठमे,

तुझ्या बापाला पुन्हा शाळेत घातलंय, ही बातमी आईने तुला तिखटमीठ लावून सांगितली असेलच. खरी आहे. सव्वीस वर्षं मानसोपचार करणाऱ्या माणसाला आपल्या राष्ट्रीय संघटनेने कळवलं, की नोंदणी हवी असेल तर आधी चाळीस तास ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करा. ज्येष्ठ म्हणजे वयाने नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या पर्यवेक्षक बाई तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत आणि मी पाच मिनिटं उशिरा गेलो तर घड्याळाकडे बघतात.

माझा अर्ज नोंदणी समितीपुढे आला आणि तू, समितीची सदस्य, उठून बाहेर गेलीस. नात्यातल्या माणसाचा अर्ज असला की सदस्याने आत थांबायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. तरी त्या दिवशी फोनवर मी तुला नाही नाही ते बोललो. पोटच्या पोरीने बापासाठी एक शब्दही टाकला नाही, असं म्हणालो. त्याला आठ महिने झाले. तू घरी आली नाहीस, आणि आई तुझ्या खोलीतली चादर बदलते तेव्हा माझ्याशी बोलत नाही.

तर या बाईंची पद्धत अशी, की उपचारांसाठी येणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन एक भेट रेकॉर्ड करायची आणि दोघांनी बसून ऐकायची. मी मोठ्या ऐटीत माझ्या सगळ्यात छान जमलेल्या भेटीचं रेकॉर्डिंग घेऊन गेलो. मी बोलायला लागलो की बाई स्टॉपवॉच सुरू करायच्या. पन्नास मिनिटांत मी एकतीस मिनिटं बोललो होतो, ठमे. तो बिचारा नुसता हं, हं करत होता. तो कोण, कुठला, हे विचारू नकोस. तेवढे नियम मीही पाळतो. मला हसू आवरेना, बाईही हसल्या. मग त्यांनी शेवटची चार मिनिटं पुन्हा लावली. आईबापांशी असं तोडून वागू नये, एकदा तरी घरी जावं, असं मी त्याला बजावत होतो. त्याने आईबापांचा विषयच काढला नव्हता.

बाईंनी शांतपणे विचारलं, "हे तुम्ही कुणाशी बोलताय?"

मी हात पुढे करून रेकॉर्डिंग थांबवलं.

पुढच्या भेटीत मी त्याची माफी मागितली. आता तुझी मागतो. तू आत बसून मला पास केलं असतंस, तर मी आणखी दहा वर्षं माझं दुखणं असंच लोकांच्या गळ्यात मारत राहिलो असतो. तू बाहेर गेलीस ते बरोबर केलंस, मी चुकलो. अजून सतरा तास बाकी आहेत, नोंदणी मिळेल की नाही कुणास ठाऊक, पण तोवर थांबवत नाही. फोनवर मी मध्येच बोलत सुटतो, म्हणून हे लिहिलं. रविवारी ये. आत बापाचा अर्ज चाललेला असताना बाहेरच्या बाकावर एकटी बसून तुला काय वाटत होतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. ते मला ऐकायचंय.

तुझाच, दाराकडे कान लावून बसलेला,
बाबा