थोरल्याच्या दाखल्यावर

आबा, चार दिवसांपूर्वी पोरानं दारावरच्या पाटीवर माझं नाव टाकू का विचारलं आणि मला हो म्हणता आलं नाही. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांनी लिहायला बसलो ते इतक्याशा कारणासाठी, हे तुम्हाला आवडणार नाही. पण तुम्हाला माझं काय आवडलं होतं? पोरानं जालन्यात तीन खोल्या बांधल्या. म्हणाला, "पाटीवर तुमचंच नाव टाकायचं. मस्तगडातल्या पाट्या करणाऱ्याला सांगून आलोय, फक्त रंग ठरवा." त्याला माहीत असलेलं नाव तुमच्या थोरल्याचं. मी नुसतं हो म्हणालो असतो तर विषय तिथंच मिटला असता. पन्नास वर्षं त्या नावाला ओ देतोच आहे. पण मी उठलो. पाणी प्यालो, गॅस बंद आहे का बघून आलो, परत एकदा बघून आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, थोरला असा कधी घाबरला नाही.

थोरला गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी सतरा. कावीळ झाली होती. तुम्ही त्याला माळ घालणाऱ्याकडं नेलं. गळ्यातली माळ रोज लांब होत गेली, म्हणजे कावीळ उतरते आहे असं सगळे म्हणत होते, आणि माळेच्या आतला माणूस रोज बारीक होत गेला. आपल्या घरात सातवी पास झालेला तो एकटाच. मला तुम्ही चौथीतून काढून मेंढरांमागं लावलं होतं, घरातला एक शिकला तरी बास म्हणून. तेराव्यानंतर महिन्याभरातच गावातला एकजण सांगत आला, की जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात माणसं घेत आहेत, सातवीचा दाखला लागतो. तुम्ही पत्र्याच्या पेटीतून त्याचा दाखला काढला. मी चुलीपाशी बसलो आहे, माय भाकरी करते आहे. तुम्ही कागद माझ्या मांडीवर टाकता. "हे घे. आजपासून तू ह्योच."

माय म्हणाली, "अवं, मेलेल्याचं नाव जित्या लेकराला लावता?"

"नाव वाया जाऊन राह्यलं त्याचं," तुम्ही म्हणालात. "आन् ह्याच्या नावाला कोन काम देतंय?"

मायनं तव्यावरची भाकर उलटलीच नाही. ती करपलेली भाकर मी खाल्ली. थोरला वारल्याची नोंद करायला तुम्ही कधी गेला नाहीत. कागदावर तो जिवंत राहिला. मी चौथीतून उठलो तो कुठं गेलो, हे कुठल्याच कागदाला माहीत नाही. पुढं कोणी विचारलं तर धाकटा लहानपणीच वारला असं सांगायचं, हेही तुम्हीच ठरवलं. पोराला मी तेच सांगितलं. स्वतःच्या मरणाची बातमी मी स्वतःच्या लेकराला स्वतःच्या तोंडानं दिली आहे, आबा.

कारखान्यात पहिली दोन वर्षं मला नीट जेवण गेलं नाही. कोणी साहेब हातात कागद घेऊन आला की वाटायचं, कळलं. या भीतीनं मी सगळं दोनदा बघायचो, तीनदा बघायचो. पोत्याची शिवण, चिठ्ठी, थप्पीखालची जमीन. दाणा दाताखाली धरायचो. कटकन तुटला तर वाळलेला, नुसता दबला तर आत ओल. हे मला कोणी शिकवलं नाही. एकदा बाजरीच्या बियाण्याची अख्खी थप्पी पास होऊन गाडीत चढायच्या बेतात होती. मी मधल्या पोत्यातला दाणा चावला आणि तो दबला. सुपरवायझरला म्हणालो, "सायेब, ओल हाय."

"लॅबनं पास केलंय. कागद बघ."

"नमुना वरच्या पोत्यांचा घेतला आसंल."

हमाल हसायला लागले. एकजण म्हणाला, "ह्याला घरच्या चटणीत बी ओल दिसती! सायेब, ह्याची बायको रोज मिरच्या उन्हात घालून राह्यली." तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पण मी थप्पीवर बसलो आणि उतरलो नाही. खाली उतरायची भीती वाटत होती म्हणून बसून राहिलो, खरं म्हणजे. शेवटी खालची पोती काढून तपासली. पत्र्यातून गळलेलं पाणी भिंतीनं उतरून खाली मुरलं होतं. ते बियाणं गेलं असतं तर किती गावांत पेरलेलं उगवलं नसतं, कोण जाणे.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यासाठी जालन्याला आलात आणि मला न्यायला गेटापाशी थांबलात. सुपरवायझर स्वतः बाहेर आला. "बाबा, तुमच्या पोरासारखा माणूस आमच्याकडं दुसरा नाही. याच्या दातापुढं मशीन हरलं." मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्ही पटका सारखा केलात आणि म्हणालात, "हुशारच हाय त्यो, लहानपनापासून. मास्तर म्हनायचे, गावातून येवढा एकच निघंल." मास्तर हे थोरल्याला म्हणाले होते. माझ्याबद्दल ते काय म्हणाले होते ते मलाही माहीत आहे. स्टँडकडं जाताना मी हिंमत करून विचारलं, "आबा, मास्तर हे कोणाला म्हनले व्हते?" तुम्ही चालता चालता म्हणालात, "ज्याचं नाव त्यालाच. तू निस्ता त्याच्या जागेवर उभा हायेस. ध्यानात ठेव."

ठेवलं की ध्यानात. लग्नात बायकांनी आग्रह केला तेव्हा माझ्या बायकोनं उखाण्यात थोरल्याचं नाव घेतलं, पत्रिकेवर तेच होतं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि मी मांडवात बसून दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखा बघत राहिलो. खरं काय ते तिला मायनं नंतर सांगितलं. पुढं माय गेली आणि मला माझ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. तुम्हीसुद्धा दवाखान्यात शेवटच्या दिवशी थोरल्याच्याच नावानं हाक मारलीत. मी ओ दिली. तुम्ही कोणाला बोलावत होता, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

आणि तुमच्यानंतर आम्हा दोघांना तोलायचं तुमचं काम मी स्वतःच करत आलो. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा वाटलं, त्यानं चार घेतल्या असत्या. मी थप्पीवर होतो, तो ऑफिसात बसला असता. माझं पोर बारावीला नापास झालं, त्याचं झालं नसतं. तो माझ्या बरोबरीनं वयानं वाढत गेला, त्याचे केस माझ्यासारखे गळाले नाहीत, म्हातारासुद्धा तो माझ्यापेक्षा चांगला झाला. मेलेला माणूस कुठंच चुकत नाही, आबा. तुम्ही मला अशा शर्यतीत उभं केलं, जिथं दुसरा पळतच नव्हता आणि हरत मात्र मी होतो.

पाटीचं विचारल्यापासून मला ती बाजरीची थप्पी सारखी आठवते आहे. थोरला हुशार होता, त्यात खोटं नाही. पण त्यानं लॅबचा कागद वाचला असता, कागदावर विश्वास ठेवला असता आणि गाडी सोडली असती. मला कागदाचा भरवसा नव्हता, कारण मी स्वतःच खोट्या कागदावर उभा होतो. ते बियाणं थांबवलं ते तुम्ही ज्याला भित्रा म्हणायचात त्यानं. नोकरी त्याच्या दाखल्यावर लागली, हे कबूल. दाणा मी चावला. दात माझे होते.

काल सकाळी चहा पिताना मी पोराला माझं खरं नाव सांगितलं. तो म्हणाला, "हे तर वारलेल्या काकांचं नाव."

त्याची आई चूल सोडून पुढं आली. चूल म्हणतो, आता गॅस आहे. "काका वारले न्हाईत," ती म्हणाली. "हे काय, चहा पिऊन राह्यलेत. पाटीवर तेच टाक."

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी माझ्या नावाला बापाचं म्हनून लागलंय, ते कोन?" याचं उत्तर तुमच्यापाशी असायला पाहिजे होतं. तो गाडी काढून गेला, आता येतो की नाही या काळजीनं मी दुपारपर्यंत दारात. आला तो माझ्या नावाची पाटी घेऊनच. त्यानं स्वतःच ती ठोकली. तेव्हापासून मी सहा वेळा बाहेर जाऊन बघितली, सरळ आहे का म्हणून. आज शेजारच्यानं पाटी वाचून विचारलं, "काय काका, भाडेकरू ठेवला का?" मी म्हणालो, "हो. नवीनच आलाय."

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, गावात आलेलं कुठलंही पत्र थोरलाच तुम्हाला वाचून दाखवायचा. आता तो तुमच्यापाशीच आहे, तेव्हा हेही त्यालाच वाचावं लागेल, आणि त्यानं माझं कधी काही वाईट केलं नाही. एक मात्र सांगतो. तो गेला त्याला इतकी वर्षं झाली, पण मी त्याच्यासाठी रडलो नाही. महिन्याभरात तुम्ही मलाच तो केलंत, मग रडायचं कोणासाठी. काल रात्री पाटी लागल्यावर पहिल्यांदा रडलो. मला माझ्या भावाची फार आठवण येते, आबा.