गुळवेलीचं नाव

बाबा, रविवारी मी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांसमोर गुळवेलीचं नाव घेतलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी जीभ क्षणभर अडलीच.

संपात गिरणी बंद पडली, डॉक्टर परवडेना, आणि काळाचौकीच्या आपल्या खोलीत तापकरी माणसं येऊ लागली. मागच्या कडुनिंबावर चढलेली रानवेल तुम्ही तोडून आणायचात आणि कडी लावून मोरीत ठेचायचात. काढ्याचा मोबदला कधी घेतला नाहीत. कुणी नारळ आणला तर देवापुढे ठेवायला सांगायचात. पुढे गावची शाळा संपवून मी तुमच्याकडे राहायला आलो. एकदा शेजाऱ्याला वेलीचं नाव सांगायला तोंड उघडतो, तोच तुम्ही दंड धरून मला आत ओढता. "गप ऱ्हव! नाव सांगलंस तर गुण जातलो!" ओळख मात्र तुम्हीच शिकवलीत. वरची कागदासारखी साल नखाने सोलायची, खाली हिरवं दिसलं पाहिजे. आडवं कापलं की आत चाकासारखे आरे.

गेल्या महिन्यात शेजारचा आला. "भाऊ, बायकोचा ताप उतरत नाय रे. बाबा कसली वेल द्यायचे?" मी म्हणालो, "मला काय ठाऊक?" देवाशपथ, मी गुण जपत होतो. त्याने गिरणीच्या पडक्या भिंतीवरची, तशाच पानांची भलतीच वेल उकळून पाजली. वहिनी दिवसभर ओकत होत्या, तीन दिवस इस्पितळात काढले. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

म्हणून रविवारी खरी वेल आणली. प्रत्येकाला स्वतःच्या नखाने साल सोलायला लावली. ताप दोन दिवसांवर गेला तर काढा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, हेही बजावलं. खालच्या मजल्यावरची आजी ओरडली, "अरे मेल्या, गुण जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे आजी, माणसं राहू देत." आता जो विचारील त्याला सांगणार. तुम्ही रागावलात तरी सांगणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक खरं लिहितो. आजी ऐकेचना, तेव्हा मी म्हणालो, बाबाच जाताना म्हणाले होते, सगळ्यांना सांग. शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून विचारलं होतंत, "कोणाक सांगलंस नाय ना?"