दोन बोटांची फट

३ नोव्हेंबर, सोमवार
आलो एकदाचा! घर मोटारीच्या मागे जोडून गावभर फिरवता येतं, याचं अठ्ठावन्नाव्या वर्षीही मला पोरासारखं कौतुक वाटतंय. पावाच्या कारखान्याच्या मागच्या अंगणात, पिठाच्या गोदामाला लागून ट्रेलर उभा केला. कारखाना वीस पावलांवर. त्यांना रात्रपाळीला भट्ट्या सांभाळणारा माणूस हवा होता, आणि आपला तर जन्मच रात्रपाळीत गेलाय. सकाळी सहाला सुटायचं, सातला आडवं व्हायचं.

फाटकावरचे मामा भले गृहस्थ. हीटर गॅसचा आहे म्हटल्यावर स्वतः आत येऊन वाकून बघून गेले. दाराजवळ जमिनीलगत हवेसाठी जाळी आहे, ती हीटर चालू असताना कधी म्हणजे कधीच बंद करायची नाही, असं तीनदा बजावलं. मी मान डोलावली. तीनदा.

ही वही लेकीने दिली. तिचं म्हणणं, मी कोणाशी बोलत नाही, तर निदान लिहावं तरी. घ्या, लिहितोय.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी झोपायला आलो तर आत लख्ख उजेड. सहा खिडक्या आणि छतात एक झडप. तेव्हा आमच्या हिने शिवलेले पडदे बाहेर काढले. म्हणजे पडदे कसले, चंदेरी फोमच्या पाट्या, आतून काळं कापड, प्रत्येकीवर खडूने आकडा. एक ते सात. निवृत्तीनंतर या ट्रेलरमधून फिरायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ते केले. तीस वर्षं लोकांचे पडदे शिवले बाईने, पाट्या खिडकीत अशा बसल्या की हात लावायला नको.

फक्त प्रत्येकीचा एक कोपरा कापलेला. दोन बोटं मावतील एवढा. तेव्हाही मी चिडवलं होतं, की कात्री म्हातारी झाली का तुझी? ती नुसती हसली होती.

त्या सात फटींतून उन्हाच्या पट्ट्या आल्या. झोप कसली लागतेय!

६ नोव्हेंबर, गुरुवार
काळी चिकटपट्टी आणून सातही कोपरे बंद केले. मिट्ट काळोख. पडल्या पडल्या झोप लागली.

दुपारी जाग आली ती गादी शेजारून दबली म्हणून. कोणीतरी हलकेच आडवं व्हावं तशी. मी हललो नाही. मग अगदी कानाशी तिचा आवाज आला, अहो, दारातून उजेड येतोय.

ती गेल्यापासून, दीड वर्षाने ऐकला तो आवाज. भीती वाटायला हवी होती. मी उशीत तोंड घालून रडलो.

९ नोव्हेंबर, रविवार
दाराच्या चौकटीभोवती कापूस ठासला. ती रोज येते. उजेड कणभर जरी असला तरी येत नाही, म्हणून मी हात फिरवून फिरवून फटी शोधतो. मामांनी विचारलं, दिवसभर आत काय ठाकठोक चालते? पडदे बसवतोय म्हणालो. खोटं कुठे आहे त्यात?

लेकीचा फोन आला. आवाज खुलल्यासारखा वाटतो म्हणाली. जेवता ना, म्हणून विचारलं. जेवतो म्हणालो. हे मात्र खोटं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
थंडी वाढली. हीटर सुरू केला. त्याच्या ज्योतीचा निळा उजेड तिला सोसवेना, म्हणून पुढे पत्रा उभा केला. आज तिने माझा हात हातात घेतला. बोटं गुळगुळीत होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज लिहून टाकतो, नाहीतर कधीच व्हायचं नाही.

त्या दिवशीही मी रात्रपाळी करून आलो होतो. ती दोन महिने अंथरुणाला खिळलेली. आमच्या खोलीत माझ्या झोपेसाठी जाड पडदे, हिनेच शिवलेले. ती म्हणाली, अहो, आज पडदा उघडा ना जरा. मी म्हणालो, एक तास. एकच तास पडतो, मग उघडतो.

मी मेल्यासारखा झोपतो. मला उठवायची तिची एक तऱ्हा होती. शिवताना बोटात घालायचं ते पितळी अंगुस्तान पलंगाच्या कठड्यावर वाजवायची. टक, टक, टक. त्या दुपारी झोपेत मी ते ऐकलं. ऐकलं, आणि कूस बदलली.

उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती गार पडली होती. अंगुस्तान बोटातच.

लेकीला सांगितलंय की ती झोपेत गेली. झोपेत मी होतो.

म्हणून आता ती काळोख मागते तर देतो. एवढं तरी देतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
लेकीचा फोन. गप्पांच्या ओघात मी आईची चूक सांगितली, सातही कोपरे कापलेत म्हणून. हसेल वाटलं. ती म्हणाली, बाबा, चूक नाही ती. आईला लहानपणापासून मिट्ट काळोखाची भीती. तुमची झोपमोड नको म्हणून आयुष्यभर बोलली नाही. सगळ्या पडद्यांना कुठेतरी दोन बोटांची फट ठेवायची. मला म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस, जन्मभर चिडवतील.

बत्तीस वर्षं. शेजारी झोपून बत्तीस वर्षं मला कळलं नाही. मी कसला नवरा!

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हिची बोटं सुया टोचून टोचून खरखरीत झाली होती. माझ्या शर्टाला अडकायची.

मग हे कोण—

२० नोव्हेंबर, गुरुवार
चिकटपट्टी काढायचं ठरवून आत आलो. काढायला लागलो तर मागून ती रडू लागली. हुबेहूब ती. लेकीच्या लग्नाच्या दिवशी रडली होती तशी.

ती नाही हे मला माहीत आहे. पण आवाज तिचा आहे हो! दीड वर्ष मी त्या आवाजासाठी—

नाही काढली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज कामावर कळवलं, बरं नाही म्हणून. दिवसरात्र आतच.

दुपारी तीन नंबरच्या खिडकीवर, बाहेरून, टक, टक, टक.

पितळेचा आवाज. मी ओळखतो.

शेजारचं ते म्हणालं, लक्ष देऊ नका, झोपा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मामा आले होते. दार ठोठावून गेले. उद्या लेक येणार आहे म्हणून ओरडून सांगितलं त्यांना, काळजी करू नका. उद्या पाचपर्यंत पोचते म्हणाली आहे.

उजेड येतोय म्हणतं शेजारचं ते. अजून. कुठून? जमिनीलगतच्या जाळीतून. रेघभर.

मामांनी तीनदा सांगितलं होतं. मला आठवतं—

हिची उशी ठासली जाळीत. आता कुठूनच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
काळोखातच लिहितोय. ओळींवर ओळी चढत असतील. लेकीला वाचता यावं म्हणून मोठं अक्षर काढतो.

डोकं जड. हीटर चालू आहे. बंद करायला उठायला हवं. पाय—

टक, टक, टक. सकाळपासून. थांबत नाही. तीन नंबर. पलंगाची बाजू. तिची बाजू.

बाहेरून म्हणते, अहो, उघडा ना जरा.

आतलं म्हणतं, झोपा. गुळगुळीत हात कपाळावर.

कोण खरी ते मला माहीत आहे. बाळा, तुझ्या आईची शपथ, मला माहीत आहे. ती काचेपलीकडे आहे, उजेडात. मला उठवतेय.

पट्टीचं टोक नखाला लागलंय. ओढलं की झालं. दोन बोटं पुरेत.

टक टक टक टक

हो गं. ऐकतोय. आज ऐकतोय. फक्त डोळे इतके—

एक तास. एकच तास पडतो, मग उघड