बलक वर्ज्य

३ मार्च
नव्या शाखेच्या प्रमुखपदासाठी साहेबांनी दोनच नावं वर पाठवली आहेत. एक माझं, दुसरं ब्रशचं. (उंच, किडकिडीत, डोक्यावर केस उभे. रंगाच्या कंपनीत असा माणूस आला की टोपणनाव शोधावं लागत नाही.) अनुभव माझा अठरा वर्षांचा, त्याचा सहा. म्हणजे निवड झाल्यातच जमा. अडचण एकच, मेडिकल. कंपनीचे डॉक्टर म्हणाले की वजन आणि साखर खाली आणा, महिनाअखेरीस पुन्हा बघतो, तोवर सही नाही. अंडी खा म्हणाले. पुढेही काहीतरी सांगत होते, पण मला मुद्दा कळला होता.

मला ती खुर्ची हवी आहे. अकरा वर्षं दुसऱ्याच्या केबिनबाहेर बसून पाठ धरली आहे.

४ मार्च, सकाळी ६
शुभारंभ. सहा उकडलेली अंडी, फक्त पांढरं. बलक वर्ज्य. मोबाईलवर एक दंड फुगवलेला तरुण सांगतो की सगळा घात बलकातच आहे.

बलक कचऱ्याच्या डब्यात टाकताना हिने पाहिलं. म्हणाली की टाकायचाच असेल तर कच्चा वेगळा काढून दे, निदान कशाला तरी लागेल. कशाला ते मी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या राजकारणात मी पडत नाही.

५ मार्च
कच्चा बलक वेगळा काढणं हे कसबाचं काम आहे. पहिल्या अंड्याचं पांढरं बाहीत गेलं. बाकीच्यांचं आमलेट केलं. चव धुतलेल्या रुमालाची.

रात्री जेवणानंतर हिने कस्टर्ड दिलं. घेतलं. दुधाचा पदार्थ आहे, दूध आरोग्याला वाईट असं डॉक्टर बोलल्याचं आठवत नाही.

१० मार्च
कॅन्टीनमध्ये ब्रश समोर बसला. दोन अंड्यांचं आमलेट, बलकासकट! वर आचाऱ्याला म्हणाला की रोजच्यासारखंच झालंय. मी त्याला सावध केलं नाही. स्पर्धा म्हणजे स्पर्धा.

संध्याकाळी भूक अनावर. कस्टर्डच्या दोन वाट्या. हल्ली हिच्या कस्टर्डला रंग काय सुरेख येतो! आमच्या शेड-कार्डवरच्या ‘सोनेरी सकाळ’च्या अगदी जवळचा. पावडर बदलली असावी.

१५ मार्च
वजन दीड किलो वाढलं. काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणला, तिथेही तेच. स्वयंपाकघरात शंभर ग्रॅम जास्तच. काटा बिघडला आहे. नाहीतर हे स्नायू असणार, स्नायू जड असतात म्हणे. कन्येने विचारलं की बाबा, स्नायू पोटाला लोंबतात का. हल्ली मुलांना काही बोलायची सोयच उरली नाही.

२१ मार्च
पॅन्टचं बटण साहेबांच्या देखत उडालं आणि टेबलाखाली गेलं. ते शोधायला ब्रश वाकला. मला वाकता येत नव्हतं.

चिडचिड होते. मर मर मरायचं, रुमाल गिळायचे आणि फळ हे! निर्धार वाढवला आहे. उद्यापासून आठ अंडी. हिला सांगितलं तर म्हणाली की बरं झालं, आता केकही होईल. या दोन गोष्टींचा संबंध कळला नाही. बायकांचं मन एका जागी नसतं.

२२ मार्च
केक उत्तम. अगदी मऊ.

२८ मार्च
तपासणीला रक्त दिलं. घोडामैदान जवळच आहे. ही शाखाप्रमुखाला मिळणाऱ्या नव्या क्वार्टरच्या खिडक्यांना पडदे कुठले घ्यावेत ते बघते आहे. मी अडवलं नाही.

३१ मार्च
लिहावंसं वाटत नाही.

वजन चार किलो वर. साखर वर. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं की नेमकं काय खाता. मी सगळं सांगितलं, रुमालासकट. मग ते बरोबर आलेल्या हिच्याकडे वळले. एवढ्या बलकांचं काय करता म्हणून विचारलं. ही अभिमानाने म्हणाली की आमच्या घरात काही वाया जात नाही, कस्टर्ड होतं, केक होतो. कोण खातं, डॉक्टरांनी विचारलं. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले की पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, एक-दोन अख्खी अंडी खा, गोड बंद करा आणि चाला. म्हणजे ते पुढचं काहीतरी हे होतं.

घरी येताना हिच्यावर चिडलो की सांगितलं का नाहीस. म्हणाली की मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, रंग तर रोज बघत होता.

२ एप्रिल
ब्रशची निवड झाली. मी हात मिळवला. फार वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण साहेबांनी मला आत बोलावून बसवलं. माझ्यासाठी एक काम ठेवलंय म्हणाले. नव्या शाखेतल्या प्रमुखाच्या केबिनला रंग निवडायचा आहे, काहीतरी पिवळ्यातलं हवंय. म्हणाले की पिवळ्याची पारख अख्ख्या कंपनीत तुमच्याइतकी कुणाला नाही.

‘सोनेरी सकाळ’ सांगितला.