उंबरा तासू नका

गारखेडा

बन्सीच्या बाबांना नमस्कार.

आम्ही समदे खुशाल. नातीची काळजी करू नका.

दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, पोरीला सारखं कडेवर घेऊ नका, पालथी खाली सोडा. आता मुक्ता लादीवर पोटानं सरकती. लाह्या चिमटीत धरून खाती. डावा पाय जरा मागं राहतो, बाकी लई हुशार.

इथल्या घराला उंबराच नाय, मंग लेकरानं ओलांडायचं काय? म्हणून मी दारात गोधडीची वळकटी टाकली. आधी रडली. बन्सी उचलायला धावला, त्याला मीच दटावलं. काल बया अर्ध्यावर चढली आन् तिथंच पडून हसली.

तुम्ही गुडघ्याला तेल लावता का नुसतं म्हणता? गाय दूध देती का?

तुम्ही लिहिलं, सुतार बोलवून लासूरच्या घराचा उंबरा तासून घेतो, पोरीला सोपं जाईल. तासू नका. तो उंच हाय हे तिला कुठं ठावं हाय? आम्ही आलो की तुम्ही खाऊ घेऊन आतल्या अंगाला बसा. वेळ लागंल.

पण हात पुढं करायचा नाय.

बन्सीची आई,
द्वारका