खुंटीवरचा सात नंबर

सोमवार, ३ मार्च

चि. ठिणगी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा त्याच्या मर्जीने वागतो आणि तुझी काकू तिच्या. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण आळस समज म्हणजे झालं.

शब्दकोशाच्या कचेरीत तुला नोकरी लागली आणि पहिल्याच झटक्याला ‘लाईन’ हा शब्द तुझ्या गळ्यात पडला, हे वाचून हसू आलं. हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात कुठेकुठे घुसलाय ते तुला गोळा करायचंय, आणि प्रत्येक अर्थाला कोणीतरी खरोखर तोंडाने बोललेलं वाक्य हवंय. तुझ्या साहेबांचा नियम मला पटला. घरी बसून रचलेलं वाक्य चालणार नाही, म्हणजे माझ्यासारख्या रिकामटेकड्याला काम मिळालं.

तर वही घेऊन दोन दिवस हिंडलो. दुकानदार म्हणाला, ‘आजोबा, लाईनीत या.’ शेजारीण आपल्या मुलाबद्दल म्हणाली, ‘लग्न झालं आणि लाईनवर आला.’ हाच मुलगा लग्नाआधी, तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो, ‘समोरच्या पोरीवर लाईन मारायचा.’ एकाच पोराने दोन अर्थ पुरवले. गवंडी गड्यावर ओरडला, ‘लाईनदोरी लावल्याशिवाय वीट ठेवू नकोस.’ नळवाला म्हणाला, ‘लाईन तुंबलीय.’ काकूची बहीण एका स्थळाबद्दल विचारत होती, ‘मुलगा कुठल्या लाईनमध्ये आहे?’ आणि तिला फोन लावताना ‘लाईन लागत नाही’ हे वाक्य काकूने पंधरा मिनिटांत नऊ वेळा ऐकवलं. तू एकदाच लिहून घे.

सबस्टेशनात आम्ही हा शब्द कसा वापरायचो आणि तुझा बाबा कसा वापरायचा, असंही विचारलंयस. लिही: ‘लाईन गेली.’ ‘लाईन आली.’ ‘लाईनवर फांदी पडलीय.’ एवढंच. तो खांबावर, मी स्विचपाशी; आमच्यात बोलणं ते असून असून किती असणार?

घरातून निघताना तू कुलूप तीनदा ओढून बघतेस आणि गॅस दोनदा, हे वाचलं. ‘बाबासारखी चूक माझ्या हातून व्हायला नको’ असं पुढे लिहिलंयस. त्यावर मी काय लिहू? माझंही काहीसं तसंच आहे. घरातला दिवा लावायचा झाला तरी मी आधी ‘आहे का कोणी?’ असं विचारतो आणि जरा थांबतो. बावीस वर्षं झाली. काकू पाहुण्यांना सांगते, ‘आमच्याकडे दिवा लावायलासुद्धा परवानगी लागते.’ सगळे हसतात. मीही हसतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका

---

शुक्रवार, २८ मार्च

ठिणगी,

तपासायला पाठवलेलं पान मिळालं. छपाई सुबक आहे. शेजारणीच्या मुलाची दोन्ही वाक्यं एकाखाली एक आलीत, ती मी तिला दाखवणार नाही.

चौदाव्या अर्थापाशी थांबलो. ‘वीज वाहून नेणारी तार.’ खाली वाक्य: ‘हे बिल्ला न लावताच लाईनवर चढले.’ बोलणारी, आई.

ते पान आठ दिवस टेबलावर पडून आहे. मी वरून वर्तमानपत्र ठेवतो, काकू झाडताना काढते. तुझ्या नियमाप्रमाणे वाक्यात खोट नाही, वहिनी ते खरोखरच बोलल्या. बावीस वर्षं बोलताहेत. पण ते खरं नाही. आणि ते छापलं गेलं की कोशात कायमचं राहील, मग मी मेलो तरी कोणी ते पुसणार नाही.

बिल्ल्याचं तुला अर्धवटच माहीत असेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्याकडे खांबावर चढणाऱ्याने आपला पितळी बिल्ला स्विचशेजारच्या खुंटीवर टांगायचा आणि मग जायचं. काम संपवून आला की त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. खुंटी रिकामी झाल्याशिवाय मी स्विच वर करायचा नाही. तुझ्या बाबाचा नंबर सात.

आता तुझा बाबा. त्याच्यासारखा हात अख्ख्या खात्यात नव्हता, पण डोकं म्हणजे गळकं भांडं. काम झालं की बिल्ला काढायला विसरायचा आणि तसाच घरी जेवायला जायचा. आम्ही त्याला विसरोबा म्हणायचो. मग मी सायकल काढून तुमच्या घरी. त्याच्या शेवटच्या महिन्यात दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तूच दार उघडलंस. सहा वर्षांची होतीस. मला बघितलंस की आत ओरडायचीस, ‘बाबा, तुम्ही परत खुंटीवर लोंबकळताय!’ आणि तो घास हातात धरून हसायचा. मी चिडायचो, शिव्या द्यायचो, पाणी पिऊन परत फिरायचो, बिल्ला काढून मगच लाईन चालू करायचो. खरं तर तेव्हाही तो मी काढायचा नव्हता. पण त्याला घरात डोळ्यांनी बघितलेलं असायचं.

तिसऱ्या वेळेला मी सायकल काढली नाही.

दुपारची वेळ. तीनपर्यंत लाईन बंद ठेवायचं ठरलं होतं. साडेतीन झाले. फोन सारखा वाजत होता, बर्फाच्या कारखान्याचा मालक माझा उद्धार करत होता. खुंटीवर सात नंबर. मी मनाशी म्हणालो, बसला असेल विसरोबा जेवत. ऊन होतं. दोनदा हेलपाटा झाला होता. मी बिल्ला काढला, खिशात टाकला, संध्याकाळी त्याच्या तोंडावर फेकायचा म्हणून, आणि स्विच वर केला.

तो खांबावर होता. एक जोड कच्चा वाटला म्हणून पुन्हा चढला होता. त्या दिवशी तो काहीही विसरला नव्हता.

चौकशीला साहेब आले. ‘बिल्ला खुंटीवर होता का?’ बिल्ला माझ्या खिशातच होता, हाताला लागत होता. मी म्हणालो, ‘नव्हता.’ पुढचं काही कोणी विचारलं नाही. त्याचा विसराळूपणा सगळ्यांना ठाऊक होता, माझा शब्द लगेच पटला. ज्या चेष्टेत मी पुढे असायचो, तीच चेष्टा मी त्याच्या प्रेतावर टाकली. वहिनींना हे वाक्य मी दिलंय, ठिणगी. त्यांनी ते तुला दिलं. तू ओढून बघतेस ते कुलूप माझं आहे.

बिल्ला मी काकूच्या बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला. वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघायचो. पितळ काळं पडायला हवं की नको? पण हा दर वेळी लखलखीत, जणू काल खुंटीवरून काढलाय. मी झाकण लावून टाकायचो. मला वाटायचं, तो येऊन पुसून जातो. अजून ड्यूटीवर आहे, आणि मी ‘आहे का कोणी?’ विचारतो तेव्हा तो असतो, फक्त उत्तर देत नाही. देईल कशाला? जेव्हा विचारायचं तेव्हा मी विचारलं नाही.

काल हे सगळं काकूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘बिल्ला मीच घासते.’

मी म्हणालो, ‘तुला माहीत होतं?’

‘डबा माझा आहे. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते. मग बघायची सवय लागली.’ एक खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘त्या पोरीला लिहा. मला सांगून काय उपयोग?’

म्हणून लिहितोय. बिल्ला सोबत पाठवतो आहे, काकूने कापडात शिवून दिलाय. तो तुझा. वहिनींना तू सांगतेस की मी येऊन सांगू, ते कळव. ये म्हणालीस तर पहिल्या गाडीने येतो. खात्यालाही लिहिलंय, त्याची प्रत याच पाकिटात आहे. आता ते काय करतील ते करोत.

राहिलं चौदाव्या अर्थाचं. छपाई थांबव आणि ते वाक्य काढ. त्याजागी हे घाल: ‘लाईनवर माणूस होता, खुंटीवर त्याचा बिल्ला होता, आणि मी लाईन चालू केली.’ रचलेलं वाक्य चालत नाही, हे मी विसरलेलो नाही. आज सकाळी काकूसमोर हे मोठ्याने तीनदा बोललो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, ते धरू नकोस.

बोलणाऱ्याच्या जागी ‘काका’ लिहायचं की दुसरं काही, ते तू ठरव. तोवर खाली कामाचं नाव लिहितो.

सबस्टेशनचा स्विचवाला